ताडपत्रीखालची बस

खरं सांगा, जिथे काहीच नाही तिथे कुणी अचूक नेम धरलेला तुम्ही कधी पाहिलाय? घाबरून उडालेली गोळी नाही म्हणत मी, घसरलेला हातही नाही. समोर नुसता मातीचा बांध, आणि त्यात छातीच्या उंचीवर दोन भोकं, एका तळहाताखाली झाकतील इतकी जवळ. पाहिलंय? व्हर्लीन ड्रायलिंगनं पाहिलं. आणि जे पाहिलं ते तिला अजून गिळता आलेलं नाही.

व्हर्लीन शाळेची बस चालवते. हेझ गावाच्या उत्तरेला जी शेतं पसरलीत त्यांतली निम्मी पोरं तिच्या बसमधून मोठी झाली. बाप कापणीच्या यंत्रांची दुरुस्ती करायचा, त्याच्याकडून ती वेल्डिंग शिकली. शाळेनं शिकवलेलं फारसं काही तिला आठवत नाही, आणि हे ती छाती काढून सांगते. नवरा क्लेटस बंदुकीला हात लावत नाही. तो बिअरॉक भाजतो, कोबी आणि खिमा भरलेले बन, आणि मॅचच्या तीनही दिवशी टेबलामागे उभा राहून लोकांना दटावतो, "एकच घे, मागे रांग आहे."

मॅच म्हणजे तीन बंदुकांची. रायफल, छऱ्यांची शॉटगन, पिस्तूल. एकाच माणसानं एका दमात तिन्ही चालवायच्या. धावायचं, वाकायचं, काम झालेली बंदूक पिंपात टाकायची, दुसरी उचलायची. पंचाच्या हातातला टायमर ओरडला की सुरू, शेवटच्या गोळीला थांबला की संपलं. दर फेरीची मांडणी निराळी. तिला स्टेज म्हणतात. आणि आमच्याकडची सगळ्यात गाजलेली स्टेज व्हर्लीन बांधायची.

मॅचचा प्रमुख डेल लायकर आणि ती, दोघांनी मिळून बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत ही मॅच सुरू केली, तेव्हा पत्र्याचं एक शेड आणि दोन कुत्री एवढाच संसार होता. प्रत्येकानं स्वतः गोळ्या झाडायच्या आणि लक्ष्याच्या पुठ्ठ्यावर दुसऱ्यानं पाडलेल्या भोकांवर कागदी ठिगळं चिकटवायची. गोळीनं पाडलेले लक्ष्याचे पत्रे सगळ्यांनी मिळून उभे करायचे. बक्षिसं चिठ्ठ्या टाकून. कधी पहिल्या आलेल्याला बॅटरीचा चार्जर मिळे आणि तळातला माणूस डुकराचं अख्खं हॅम खांद्यावर टाकून घरी जाई. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

शेवटच्या दिवसाची शेवटची स्टेज झाकलेली असे. वर ताडपत्री. ती व्हर्लीन आणि क्लेटसनं बांधायची, आणि शेवटच्या सकाळपर्यंत कुणीही पाहायची नाही. डेलनंसुद्धा नाही. जिनं बांधली तिनं ती खेळायची नाही. आणि ताडपत्री ओढायचा मान मागच्या वर्षी जो शेवटून पहिला आला त्याचा. त्या एका सकाळी खाणीत सगळे सारखेच अडाणी. राज्याचा विजेता असो नाहीतर पहिल्यांदाच आलेला पोस्टमन, पाहणीची पाच मिनिटं दोघांनाही तेवढीच. व्हर्लीनच्या आयुष्यात तिची स्वतःची म्हणावी अशी हीच एक गोष्ट होती. वर्षभर बस चालवताना तिच्या डोक्यात ती मांडणी फिरत असे.

मग कंपनी आली.

कंपनी बंदुकांचे सुटे भाग विकते. आधी एक फलक आला, मग इतके आले की खाणीची पांढरी भिंत दिसेनाशी झाली. मग त्यांची सहा जणांची टोळी आली, एकसारखे शर्ट, पाठीवर नावं, बरोबर एक कोच. बक्षिसांच्या चिठ्ठ्या बंद झाल्या, क्रमांकाप्रमाणे उचला. पहिल्याला कोरी पिकअप. टोळीतली पोरं गोळ्या झाडून झाल्या की कॅमेऱ्यासमोर बोलायला जात, आणि त्यांची ठिगळं आमचे लोक चिकटवत.

"ठिगळं चिकटवताना यांचे हात झिजतात का?" व्हर्लीननं डेलला विचारलं होतं.

"जाऊ दे ना व्हर्ल," डेल म्हणाला. "कॅमेऱ्याची वेळ ठरलेली असते."

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या मे महिन्यात तिनं बस मांडली. खरीखुरी. ती स्वतः चालवायची तीच, पिवळी, मोडीत निघालेली, शाळेनं लिलावात काढलेली. चालकाच्या जागी बसायचं, हात स्टिअरिंगवर. टायमर ओरडला की पुढच्या काचेच्या चौकटीतून रायफलीनं कड्यावरचे पत्रे. मग मधल्या वाटेनं धावत खिडक्यांतून शॉटगन. मागच्या आणीबाणीच्या दारातून खाली उडी, शॉटगन पिंपात, पिस्तूल बाहेर, आणि पुठ्ठ्याची लक्ष्यं. शेवटचं लक्ष्य डावीकडे, चुनखडीच्या जुन्या खांबाजवळ. दारातून उतरणाऱ्याला ते शेवटपर्यंत दिसू नये, अशी मेख तिनं मारून ठेवली होती. मॅचच्या तीन आठवडे आधी सगळं तयार झालं आणि ताडपत्री चढली.

मॅचच्या दोन दिवस आधी ती खडी पसरायला गेली, तर खांबाच्या पायथ्याशी टिटवी. पंख मोडल्याचं नाटक करत, किंचाळत ती बाजूला लंगडत गेली, आणि व्हर्लीननं खाली पाहिलं तर खडीत चार अंडी. खडीसारखीच, ठिपक्यांची.

"क्लेटस! या बाईनं माझ्या स्टेजवर बाळंतपण काढलंय!"

घरटं हलवायला कायद्यानं बंदी आहे. बंदी नसती तरी तिनं हलवलं नसतं. तिनं लक्ष्य हलवलं. डावीकडचा पुठ्ठा उपटून उजवीकडे, जुन्या टायरमागे रोवला. घरट्याशेजारी रस्त्यावरचा नारिंगी शंकू ठेवला. झालं.

शेवटच्या सकाळी ताडपत्री ओढायला हेझचा दातांचा डॉक्टर आला. मागच्या वर्षी शेवटून पहिला आला होता तो. त्यानं त्यासाठी नवे हातमोजे घेतले होते, कातडी. कंपनीच्या माणसानं डेलच्या कानात काहीतरी सांगितलं, डेलनं मान खाली घातली, आणि ताडपत्रीची दोरी ब्रॅक्स्टनच्या हातात गेली. ब्रॅक्स्टन म्हणजे त्यांचा हिरा. बावीस वर्षांचा, दाढी अजून नीट न आलेला, आणि बंदूक हातात आली की पाणी वाहावं तसा.

"शेवटून पहिला आलेला माणूस कॅमेऱ्यात बरा दिसत नाही म्हणे," दातांचा डॉक्टर व्हर्लीनला म्हणाला, आणि हातमोजे काढून खिशात ठेवले. "माझे दात तरी बघायचे होते त्यांनी."

ब्रॅक्स्टननं ताडपत्री ओढली. पिवळी बस उन्हात आली. लोकांनी आरोळी ठोकली. आणि ब्रॅक्स्टनचं तोंड पांढरंफटक पडलं.

"असं नको रे," कॅमेरावाला म्हणाला. "खूश हो, चकित हो."

ताडपत्री परत चढवली. परत ओढली. परत चढवली. तिसऱ्यांदा पोरानं डोळे मोठे केले, तोंडाचा आ केला, आणि ते त्यांना पसंत पडलं. व्हर्लीनला तेव्हा फक्त राग आला. तीन-तीनदा! तिच्या सकाळीचं यांनी नाटक केलं. बाकी काही तिच्या ध्यानात आलं नाही.

आधी कोलीन रुप खेळली. कोलीन धान्याच्या कोठारावर काम करते, गव्हाच्या धुळीनं तिच्या भुवया कायम पांढऱ्या. लहानपणी व्हर्लीनच्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि मारामाऱ्या करायची. तिची पिकअप अशी गंजलीय की दार लावलं की तुकडा पडतो. पण त्या दिवशी ती बसमधून अशी निघाली, जणू अजून मागे कुणीतरी तिची वेणी ओढतंय. एक पत्रा चुकला नाही. उतरली, वळली, टायरमागचा पुठ्ठा शोधला, संपलं. लोकांनी टोप्या उडवल्या.

मग ब्रॅक्स्टन. पुढची काच, पत्रे खणखण पडले. मधली वाट, खिडक्या. मागचं दार, उडी, शॉटगन पिंपात. पिस्तूल वर आलं, आणि सर्रकन डावीकडे गेलं. खांबाकडे. दोन गोळ्या. धाड, धाड.

तिथे काहीही नव्हतं. नारिंगी शंकू होता.

पोरगा थिजला. मग उजवीकडे वळला, टायरमागचा पुठ्ठा मारला, टायमर थांबला. हशा पिकला.

"अरे, त्या टिटवीनं तुझं काय घोडं मारलं होतं?" कुणीतरी ओरडलं. "बाळंतीण आहे रे ती!"

व्हर्लीनही हसली. गोळीबार थांबल्याचा पुकारा झाला तशी ती हसत हसतच घरट्याकडे गेली. खांबामागच्या बांधाची माती घसरून खाली आली होती. तिनं बोटांनी ती बाजूला केली. तीन अंडी धड, एक फुटलेलं. मग तिनं वर पाहिलं. बांधात दोन भोकं. तिनं त्यावर तळहात ठेवला आणि दोन्ही झाकली गेली.

ती तशीच उभी राहिली. हात तिथंच.

वाट चुकलेला माणूस इकडेतिकडे झाडतो. हा चुकला नव्हता. यानं अगदी छातीवर मारलं होतं. जो पुठ्ठा तिनं चार दिवसांपूर्वी उपटला त्याच्या बरोबर मधोमध. त्या पुठ्ठ्याची उंची जगात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि त्यांतला एक टेबलामागे बिअरॉक वाटत होता.

छे, म्हणाली ती. योगायोग. ती परत येऊन पंचाच्या मागे उभी राहिली. टोळीतली पुढची मुलगी खेळली. मागचं दार, उडी, पिस्तूल वर. आणि नळी डावीकडे. नुसती गेली, थबकली, उजवीकडे फिरली. गोळी सुटली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

व्हर्लीनच्या आलं. तिच्या बसची नक्कल कुणीतरी दुसरीकडे बांधली होती. लाकडाची असेल, पुठ्ठ्याची असेल, पण इंच न इंच मोजून. आणि त्यावरून ही पोरं उड्या मारत होती, इतक्या वेळा की डोकं नाही म्हणत असतानाही हात डावीकडे गेला.

डेल त्याच्या गोल्फगाडीत बसून गुण पाहत होता.

"ताडपत्री कुणी उचलली?"

"काय?"

"माझ्याशी काय-बिय करू नकोस डेल. कोण आलं होतं?"

डेलनं चष्मा काढला. तो चष्मा काढतो तेव्हा खोटं बोलायचं सोडून देतो, हे तिला माहीत आहे. "कॅमेरे कुठे लावायचे ते बघायला आले होते. तू शाळेच्या फेरीवर होतीस. अर्धा तास. व्हर्ल, मी आत पाऊलही टाकलं नाही. मी दिलेला शब्द पाळला, मी नाही पाहिली."

"तू नाही पाहिलीस! दार उघडून दिलंस, स्वतः डोळे मिटून बाहेर उभा राहिलास, आणि आता शाबासकी मागतोस?"

"ही खडी कुठून आली? संडास कुणी बांधले? मालक खाण विकायला निघाला होता, त्याला कोणी थांबवलं? तुझ्या क्लेटसच्या कोबीनं?" मग तो तिच्याकडे वाकला आणि आवाज बारीक केला. "आणि ऐक. त्या पोराचा वेळ गेला तिथं. कोलीन वर गेलीय. आपली कोलीन जिंकतेय, व्हर्ल. देवानंच निकाल लावला. तू गप्प बस, आणि संध्याकाळी त्या मुलीच्या हातात किल्ली बघ."

व्हर्लीननं गुण पाहिले. खरंच. कोलीन पहिली, अगदी केसभर. ब्रॅक्स्टन दुसरा. ही स्टेज मोजली तर कोलीनची गाडी. बाद झाली तर तिची गेली.

दोघं चुकले म्हणून दिसले, असं तिला वाटत राहिलं. पण टोळीत सहा जण. बाकीचे चौघं अजिबात चुकले नव्हते. शिकलेलं विसरून नव्यानं वळले, आणि आपल्या लोकांना मागे टाकून चढले. त्यांचं काय? दातांच्या डॉक्टरच्या पुढे आज कोण कोण गेलं, कशाच्या जोरावर?

ती आधी कोलीनकडे गेली. कोलीन तिच्या गंजक्या गाडीच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसली होती, हातात बिअरॉक.

"क्लेटसनं दोन दिले," कोलीन म्हणाली. "मला! बघ, जग बदललं."

व्हर्लीननं सगळं सांगितलं. कोलीन चावायची थांबली.

"मग? तू सांगणार सगळ्यांना?"

"हो."

"का गं? मी चोरून पाहिली का? मी तर आंधळी गेले त्या बसमध्ये, तुला हवं तसं! माझी धाव खोटी होती?"

"नाही. तुझ्यासारखी धाव त्या बसमधून कुणी मारली नाही."

"मग तीच पुसणार तू? त्यांनी चोरी केली, आणि किंमत मी द्यायची? तुझ्या ताडपत्रीची अब्रू माझ्यापेक्षा मोठी झाली?"

व्हर्लीन म्हणाली, "ती झाकलेली नव्हती, कोलीन. मी तुम्हाला सगळ्यांना झाकलेली आहे म्हणून सांगितलं, आणि ती नव्हती. हे माझ्या तोंडून खोटं निघालंय."

"जा," कोलीन म्हणाली. उरलेला बन तिनं कागदात गुंडाळला. "बस थांबव, मला उतरायचंय."

बक्षिसांच्या आधी व्हर्लीननं डेलच्या हातातून माइक घेतला. मागितला नाही, घेतला. तिनं दोन वाक्यांत सांगितलं, तिसऱ्यात टिटवीचं घरटं, चौथ्यात स्टेज बाद करा म्हणून मागणी. आणि मग जे झालं त्यासाठी ती तयार नव्हती. शिव्या बसल्या, पण तिला! कंपनीला नाही. आपल्याच लोकांनी दिल्या, ज्यांची पोरं तिनं बर्फात घरी पोचवली त्यांनी. "बाई, मुलीच्या तोंडचा घास काढतेस?" "इतकी वर्षं नीट चाललं होतं ना?" एकानं तर तिच्यावर पाण्याची बाटली फेकली. कोच हात बांधून उभा होता. तो म्हणाला, "आम्हाला आत जायची परवानगी होती. मॅचच्या प्रमुखानं दिलेली." आणि ते खरं होतं. टोळीला बाहेर काढायचं तर डेलनं आधी स्वतःला काढायला हवं होतं. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला, आणि स्टेज बाद केली. फक्त स्टेज.

बस बाद झाली, आणि किल्ली ब्रॅक्स्टनच्या हातात गेली. टाळ्या वाजल्या. टाळ्या! व्हर्लीन आळीपाळीनं एकेका तोंडाकडे पाहत राहिली.

ती खांबाजवळचा शंकू उचलायला गेली तेव्हा पोरगा मागून आला.

"मॅम, आम्हाला सरावाची स्टेज म्हणून सांगितलं होतं. शपथ. ताडपत्री ओढली आणि बस दिसली तेव्हा मला कळलं."

तेव्हा तिला त्याचं पांढरं पडलेलं तोंड आठवलं. पहिल्यांदाचं. खरं होतं ते एकच.

"मग बोलला का नाहीस?"

"मी कोचकडे पाहिलं. त्यानं ओठावर बोट ठेवलं."

"आणि तू ठेवलंस तुझ्या ओठावर. बावीस वर्षांचा घोडा तू!" ती किंचाळली. टिटवी उडाली, किंचाळत लंगडू लागली, आणि पोरगा तिच्याकडे बघत राहिला. "शंकू राहू दे तिथं," व्हर्लीन म्हणाली. "अजून तीन आहेत."

महिनाभरात कंपनीची जाहिरात आली. त्यात तिची बस आहे. ताडपत्री सरकते, ब्रॅक्स्टन डोळे मोठे करतो, तोंडाचा आ करतो. तिसऱ्यांदाचं. आता 'झाकलेली स्टेज' हे नाव त्यांच्या टोप्यांवर छापलंय, आणि चार राज्यांत त्यांच्या मॅचेसमध्ये ताडपत्र्या ओढल्या जातात. आधी कोण पाहतं ते तुम्हीच ओळखा. आमचे लोक त्या टोप्या घालतात. व्हर्लीनच्या बसमध्ये चढणारी पोरंसुद्धा. पहिल्यांदा दिसली तेव्हा तिनं ब्रेक दाबला, आणि मागे सगळी पोरं एकमेकांवर आदळली.

ती त्या खाणीत पुन्हा गेली नाही. क्लेटसच्या भावाच्या कुरणात तिनं आपली वेगळी मॅच सुरू केलीय. बक्षिसं चिठ्ठ्या टाकून. मागच्या मेमध्ये थोडेच लोक आले. दातांचा डॉक्टर हातमोजे घालून आला, त्यानं ताडपत्री ओढली, आणि खेळून पुन्हा शेवटून पहिला आला. कोलीन आली नाही. व्हर्लीननं तिच्यासाठी एक बिअरॉक बाजूला काढून ठेवला होता. तो कुणी खाल्ला ते क्लेटस सांगत नाही.

या मेमध्येही ताडपत्री चढणार आहे. कुरणात कुंपण नाही, फाटकाला कुलूप नाही, राखणदार ठेवायला तिनं साफ नकार दिलाय. आणि आमचा वारा तुम्हाला माहीत नाही; तो कुणाचं काही झाकलेलं राहू देत नाही. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. आमच्या वाटेनं आलात, आणि त्या ताडपत्रीची कड वाऱ्यानं उचललेली दिसली, तर आत पाहू नका. तिच्यावर एक दगड ठेवा, आणि पुढे जा.